फिरती बंदूक

हल्ली आमच्या गावच्या वाचनालयात वर्तमानपत्र कमी वाचले जाते आणि वाद जास्त होतो. महायुद्धाची लढाई सुरू झाल्यापासून आडरस्त्यावर गाड्या लुटल्याच्या बातम्या कानावर येतात, आणि एखादी आली की वादाला तोंड फुटते. एक बाजू म्हणते, सरकारने लोकांच्या सगळ्या बंदुका जमा कराव्यात, म्हणजे दरोडे आपोआप थांबतील. दुसरी बाजू म्हणते, दरोडेखोर काय परवाना काढून दरोडा घालतो? बंदुका जमा करून त्रास होईल तो फक्त सरळ माणसाला. मग दोन्ही बाजू माझ्याकडे बघतात, कारण गावातल्या परवान्यांपैकी एक माझा आहे आणि तो एकदा माझ्याकडून काढूनही घेतला होता. माझे मत ठाम आहे. ते कशावरून बनले ते सांगायला वाचनालयात कोणी पुरता वेळ देत नाही, म्हणून इथे लिहितो.

ही गोष्ट लढाईच्या बऱ्याच आधीची. आमचे गाव सातपुड्याच्या अगदी पायथ्याशी. सकाळी गाडी जुंपली तर दुपारच्या आत तळोद्याच्या बाजाराला पोचते. गावाच्या दक्षिणेची वावरे सपाट आणि सुरक्षित. उत्तरेची डोंगराला लागलेली. उत्तरेकडच्या वावरात ज्वारी निसवली किंवा भुईमूग भरला, की रानडुकरे खाली उतरत. डुकराचा कळप एका रात्रीत शेत खातो थोडे आणि उलथून टाकतो फार. त्यासाठी सरकार पीक राखण्याच्या बंदुकीचा परवाना देत असे. गावात असे परवाने तीन होते: एक पोलीसपाटलाचा, एक माझ्या चुलत्यांचा आणि एक वडिलांच्या मागे माझ्या नावावर झालेला.

आमची बंदूक ठासणीची, एकनळी. नळीतून दारू घालायची, चिंध्या ठासायच्या, छर्रे सोडायचे, पुन्हा ठासायचे आणि शेवटी घोड्याखाली टोपी बसवायची. एवढे होईपर्यंत डुक्कर दोन बांध ओलांडून जाते. त्यामुळे या बंदुकीचे खरे काम मारणे हे नव्हतेच. आवाज करणे हे होते. दसऱ्याला नांगर, कुळव, विळे यांच्या रांगेत तीही ओटीवर मांडली जाई आणि तिलाही हळदकुंकू लागे. आमच्या दृष्टीने ते औतच होते.

आणि औत म्हटले की ते मागितले जाणारच. उत्तरेकडे वावरे पुष्कळ आणि बंदुका तीन. म्हणून पोळा झाला की सगळे पाटलाच्या ओट्यावर बसत आणि कोणत्या वावरात कोणती बंदूक कधी, याची पाळी ठरे. इर्जिकीला जसे सगळ्यांचे बैल एकेकाच्या शेतात जातात, तशीच बंदूक जाई. दारू-टोप्या ज्याच्या त्याने आणायच्या. यात लपवाछपवी काही नव्हती. वडिलांच्या वेळेपासून हे चाले.

या पद्धतीला एक पुरवणी होती, आणि ती आमच्या गावाखेरीज कुठे ऐकलेली नाही. परवान्याचा कागद मेणकापडात गुंडाळून बंदुकीच्या दस्त्याला सुतळीने बांधलेला असे. एकदा गस्तीच्या शिपायाने वडिलांना वावरात परवाना विचारला आणि तो आणायला त्यांना घरापर्यंत पळावे लागले. तेव्हापासून त्यांनी तो दस्त्याला बांधला. बाकीच्या दोघांनी बघून तसेच केले. पुढे गावाची समजूतच झाली की परवाना असतो तो बंदुकीचा. कागद बंदुकीबरोबर आहे, मग ती कोणाच्या का हातात असेना, सरकारचे समाधान झाले. परवाना माणसाला मिळतो ही गोष्ट कोणाच्या डोक्यात नव्हती. माझ्या नावापुढे ‘परवानेदार’ असे लिहिले होते, ते मी वाचले होते; पण नाव काय, असते.

माझ्या वावराचा रखवालदार सातपुड्यातल्या पावरा जमातीचा होता. हंगामात बायकोसह खाली यायचा, वावरातल्या माळ्यावर, म्हणजे मचाणावर, राहायचा आणि पीक घरात पडले की आपल्या वाट्याचे धान्य घेऊन वर जायचा. वयाने माझ्यापेक्षा थोडा मोठा. घरी त्यांची पावरी बोली. आमच्याशी तो मोजके अहिराणी बोले. परवान्याच्या पाठीमागे रखवालदार म्हणून त्याचेही नाव होते. म्हणजे कायद्याने आमच्या बंदुकीला हात लावायला दोनच माणसे मोकळी होती, मी आणि तो. गंमत अशी की त्याला बंदूक फारशी आवडत नसे. ती वाट बघायला लावते, म्हणायचा. त्याचा भरवसा गोफणीवर आणि धनुष्यावर.

त्या वर्षी भुईमूग भरत आला होता आणि आमची बंदूक नाल्यापलीकडे चाचांच्या वावरात जायची होती. चाचा म्हणजे तळोद्याचे पिंजारी. गाद्या-रजया भरण्याचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि नाल्याकाठी थोडी जमीन. सगळा गाव त्यांना चाचाच म्हणे. दिवस मावळताना रखवालदाराने बंदूक खांद्यावर टाकली, नाला ओलांडला, ती चाचांच्या माळ्यावर नेऊन दिली आणि तिथेच भाकरी खायला बसला. त्याच सुमारास बाजारावरून परतणारी एका व्यापाऱ्याची गाडी रस्त्यावर नाल्याच्या उतारात अडवली गेली. गाडीवानाने बैल हाकलायचा प्रयत्न केला तेव्हा लुटारूंपैकी एकाने बार काढला. छर्रे गाडीवानाच्या मांडीत गेले. तो जगला, पण पुढे आयुष्यभर पाय ओढत चालला. त्याला मी नंतर अनेकदा बाजारात पाहिले आहे, आणि बंदुकीच्या वादात जे कोणी हसत बोलतात त्यांनीही एकदा त्याला चालताना पाहावे असे मला वाटते.

दुसऱ्याच दिवशी पायथ्याच्या सर्व गावांना हुकूम आला की परवान्याच्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करा. आम्ही केल्या; माझी आधी चाचांच्या वावरातून आणावी लागली. आमच्या तिन्ही बंदुका दस्त्याला बांधलेल्या कागदांसकट गेल्या. त्याच संध्याकाळी शिपाई आले आणि माझ्या रखवालदाराला घेऊन गेले. एका दुकानदाराने त्याला दिवस मावळताना नाल्याकडे बंदूक घेऊन जाताना पाहिले होते आणि ठाण्यात तसे सांगितले होते. दुकानदार खोटे बोलला नव्हता. जे पाहिले तेच त्याने सांगितले.

आता पेच असा होता. तो सुटायचा तर बंदूक चाचांकडे पोचवायला गेला होता हे सांगावे लागणार. ते सांगितले की पाळीची सगळी पद्धत उघडी पडणार, माझा परवाना जाणार, विनापरवाना बंदूक बाळगली म्हणून चाचांवर खटला होणार, आणि पाटील व चुलते यांनाही झळ लागणार. तीही हंगाम तोंडाशी आलेला असताना.

पाटलाच्या ओट्यावर बैठक बसली. बोलणे बराच वेळ भुईमुगाभोवतीच फिरत राहिले. मग पाटील म्हणाला, “त्यान्हं काय, त्याले डोंगर शे. आज ना उद्या सुटी, वर चालना जाई. आपल्या बंदुका गयात ते वावर कोन राखी?”

कोणी मान डोलावली, कोणी जमिनीकडे बघितले. माझ्या चुलत्यांनी मला बाजूला घेऊन समजावले की ठाण्यात विचारले तर बंदूक घरात खुंटीला होती एवढेच म्हण, म्हणजे तू सुटलास. मी त्यांना म्हणालो की बंदूक घरात होती असे मी म्हटले, तर दुकानदाराने त्याच्या खांद्यावर पाहिली ती दुसरी कुठली तरी चोरटी बंदूक ठरते, आणि मग त्याला कोणीच सोडवू शकत नाही. बेरीज-वजाबाकी इतकी सरळ होती. चुलते माझ्याशी पुढे दोन महिने नीट बोलले नाहीत.

पण सांगायचे तर चाचांना विचारल्याशिवाय सांगणे बरोबर नव्हते. खटला त्यांच्यावर व्हायचा होता. सकाळी मी तळोद्याला गेलो. चाचा दुकानाच्या ओट्यावर कापूस पिंजत होते. पिंजणीच्या तातीचा टणत्कार चालू, दाढीवर, भुवयांवर कापूस. मला बघून हात न थांबवता म्हणाले, “माले वाटनं, तू रजई भराले उना.”

मी काय झाले ते सांगितले. रखवालदाराला नेल्याचे त्यांना कळलेले नव्हते. तात वाजायची थांबली.

“मन्ही पाळी व्हती, हाई खरं शे,” ते म्हणाले. “पन मी फौजदारले सांगं, ते तो माले तठेच बसाडी ठेई.”

“आणि नही सांगं ते रखवालदार तठे बठेलच शे,” मी म्हणालो.

चाचांनी पिंजण भिंतीला टेकवली. दाढीतला कापूस काढत थोडा वेळ बसले. त्यांच्या घरात मुलीचे लग्न ठरलेले होते, हे मला माहीत होते. अशा वेळी बापाचे नाव ठाण्यात जाणे म्हणजे काय हेही माहीत होते. त्या मिनिटभरात ते नाही म्हणाले असते तर त्यांना दोष द्यायला माझ्याकडे तोंड नव्हते.

“चाल,” ते म्हणाले. “पन आधी काही खाई ले. तठे आपले कोन देई जेवाले?”

त्या काळी आम्ही त्यांच्या घरचे शिजवलेले खात नसू, आणि चाचा ते न सांगता सांभाळत. त्यांनी गूळ आणि शेंगदाणे आणून ठेवले. त्याच नाल्याकाठच्या वावरातले.

फौजदार देशावरचे होते. शिस्तीचे, पण ऐकून घेणारे. मी पाळीची पद्धत पहिल्यापासून सांगितली. त्यांनी माझी बंदूक मागवली, दस्त्याची सुतळी सोडली, मेणकापड उलगडले. परवान्यावरच्या सरकारी शिक्क्यावर दसऱ्याची हळद लागलेली होती. त्यांनी ती नखाने खरवडून बघितली.

“म्हणजे तुमच्या गावात परवाना बंदुकीला असतो?” त्यांनी विचारले.

मी हो म्हणालो.

“यावर नाव तुमचं आहे ना?”

मी उत्तर देण्याआधी चाचा बोलले, “नाव ते पातेलावर बी ऱ्हास, साहेब. लगीनमा पातेलं सारा गावमा फिरस.”

लिहून घेणारा हवालदार खाली मान घालून हसला. फौजदार हसले नाहीत. म्हणाले, “पातेल्यातून छर्रे सुटत नाहीत. पातेलं आज कोणाच्या घरी आहे, याची सरकारला गरज नाही. बंदूक कोणाच्या हातात आहे, याची आहे. तुम्हीच सांगा, आज दोन माणसांना माझ्यापुढे येऊन बसावं लागलं, ते कशामुळे?”

बंदुकांविषयी सरकारी माणसांची जेवढी बोलणी मी ऐकली, त्यांत मला पूर्ण पटलेले तेवढे एकच.

रस्त्यावरचा बार झाला तेव्हा आमची बंदूक चाचांच्या मांडीवर होती आणि रखवालदार समोर भाकरी खात होता. चाचांच्या वावरात मजुरीला असलेल्या नवरा-बायकोंनीही तेच सांगितले. त्यांना वेगवेगळे बसवून विचारले होते. रखवालदाराला सोडले. बाहेर आल्यावर मी त्याला विचारले की तू हे आधीच का नाही सांगितलेस. तो म्हणाला, “बंदूक तुन्ही शे. मी काय सांगू?” एवढेच. मग त्याने वावरात डुकरे आली का ते विचारले.

आली होती. माझा परवाना रद्द झाला, चाचांना कोर्टात दंड झाला, आणि बाकीच्या दोन बंदुका चौकशी संपेपर्यंत ठाण्यातच राहिल्या. त्या हंगामात गाव बंदुकीवाचून होते. यालाच मी माझ्या मताची कसोटी समजतो, कारण वाचनालयातला प्रश्न आमच्यापुरता त्या वर्षी प्रत्यक्ष घडून गेला.

काय झाले? पत्र्याचे डबे वाजवले, शेकोट्या पेटवल्या, गोफणी चालवल्या. तरीही डोंगराकडच्या अंगाचा माझा निम्मा भुईमूग गेला, आणि दादर ज्वारीची कणसे भरली तेव्हा तिथेही तेच झाले. पाटलाचे नुकसान माझ्याहून जास्त. आणि लूटमार? थांबली नाही. त्याच थंडीत त्याच रस्त्यावर पुन्हा दोनदा गाडी अडवली गेली; एकदा कुऱ्हाडी घेऊन आणि एकदा बार काढून. आमच्या साऱ्या बंदुका ठाण्यात कुलपात असताना. पुढे ती टोळी गुजरातच्या अंगाला पकडली गेली, तेव्हा त्यांच्याकडची बंदूक निघाली ती कुठल्याशा लोखंडी नळीची, घरीच ठोकून बनवलेली. ती कोणत्याच कागदावर नव्हती, त्यामुळे ती जमा करा असा हुकूम कोणालाही सोडता आला नसता. इथपर्यंत वाचनालयातली दुसरी बाजू खूष होते आणि उठून जायला लागते.

त्यांना मी बसवतो. कारण त्या टोळीकडे सापडलेली दारू दुकानी होती. घरी कुटलेली नव्हे. आणि दुकानातून दारू परवाना दाखवल्याखेरीज मिळत नसे. ती नक्की कोणाच्या परवान्यावर गेली हे शेवटपर्यंत कळले नाही, पण पायथ्याच्या गावांतल्या आमच्यासारख्याच कोणा परवानेदाराकडून ती सुटली, याबद्दल मला शंका नाही. आम्ही दारू चिमटीचिमटीने एकमेकांना देत असू, हळद-मिठासारखी. मी माझी मोजून ठेवत असे. माझ्याकडून गेलेली कुठे गेली ते मात्र मीही कधी विचारले नव्हते.

आणखी एक गोष्ट माझ्या घरातूनच पुढे आली. आमच्याकडे लग्नाची वरात बंदुकीच्या बाराशिवाय निघत नसे. बंदुका फिरत्या असल्याने त्या वरातीतही फिरत, आणि तिथे त्या कोणाच्या हातात आहेत आणि तो किती प्यायला आहे याचा विचार कोणी करत नसे. जवळजवळ दर उन्हाळ्यात कोणाचा तरी हात भाजे, कोणाचा डोळा थोडक्यात वाचे. त्या उन्हाळ्यात वराती मुक्याने निघाल्या. पुरुष मंडळी चुकचुकत होती, आणि मीही त्यांच्यात होतो. लग्नसराई संपल्यावर बायकोने भाकरी थापता थापता सांगितले, “औंदा लगीनमा कोनंच बोट गयं नही. ध्यानमा उनं का तुमले?”

ध्यानात आले नव्हते. मी सगळा जमाखर्च मांडला होता, त्यात ही बाब धरलीच नव्हती. ती पुढे म्हणाली की तिच्या मते बंदूक परत आली नाही तरी चालेल. भुईमूग पुन्हा पेरता येतो. यावर आमचे एकमत कधीच झाले नाही. पण तिची बाब मी तेव्हापासून हिशेबात धरतो.

तर माझे मत हे असे. सगळ्यांच्या बंदुका काढून घेतल्याने रस्त्यावरचा दरोडेखोर निःशस्त्र होत नाही. होतो तो वावरातला माणूस. हे मी डोळ्यांनी पाहिले. पण बंदूक आणि दारू गावात पातेल्यासारखी फिरू द्यायची आणि वर म्हणायचे की आम्ही कायद्याची माणसे, हेही चालणार नाही. ज्याच्या नावावर ती आहे त्याच्याच हातात ती असावी, दारू किती घेतली आणि किती उडवली हे त्याला सांगता यावे, आणि वरातीत ती दिसता कामा नये. हे नियम जाचक आहेत असे म्हणणाऱ्याला मी सांगतो की मी ते पाळतो आणि माझे पीक घरात येते.

ते कसे, तेवढे सांगून संपवतो. पुढच्या हंगामाच्या आधी मी पुन्हा अर्ज केला. फौजदारांनी चौकशीत आमची बाजू खरी सांगितली असावी, कारण परवाना मिळाला. त्यात रखवालदार म्हणून नाव पुन्हा त्याचेच घातले, आणि उत्तरेकडच्या सगळ्या वावरांचे नंबर लिहून घेतले. पोळा झाल्यावर नेहमीप्रमाणे ओट्यावर बैठक बसली. मी सांगितले की बंदूक यापुढे एकटी कुठे जाणार नाही. ज्याला हवी त्याच्या वावरात माझा रखवालदार ती घेऊन येईल, राखण करील आणि तो परत येईल तेव्हाच ती परत येईल. ज्याच्या वावरात तो जाईल त्याने राखणीचे धान्य त्याला द्यायचे. थोडी कुरकुर झाली. मग कोणीतरी विचारले की पाळी कशी लावायची. मी म्हणालो, ते मी कसे सांगू, त्यालाच विचारा.

तो ओट्याच्या खाली, चिंचेच्या बुंध्याशी बसला होता. ज्या ओट्यावर आदल्या वर्षी ‘त्याले डोंगर शे’ म्हणून त्याचा निकाल लागला होता, त्या ओट्यावरची सगळी तोंडे त्याच्याकडे वळली. पाटलाने खाकरून त्याला वर बोलावले. तो वर आला नाही. बसल्या जागेवरूनच त्याने सांगितले की आधी चाचांच्या वावरात, मग क्रमाने नाल्याच्या अलीकडची वावरे.

“आणि मन्हं वावर?” पाटलाने विचारले.

“तुन्हं बी राखसू,” तो म्हणाला. “आखरीले.”

उतरत्या उन्हात तो बंदूक घेऊन चाचांच्या वावराकडे निघाला. मी परवाना मेणकापडात गुंडाळून सवयीने दस्त्याला बांधायला गेलो. त्याने तो माझ्या हातातून घेतला, उघडून पाठीमागची बाजू बघितली, आपले नाव कुठे आहे ते मला बोटाने दाखवायला सांगितले, आणि पुन्हा गुंडाळून स्वतःच्या कमरेला खोचला.